प्रस्तावना : उत्प्रेरक नेमकं काय करतो?

परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जळतो तेव्हा धुरात थोडा नायट्रिक ऑक्साइडही असतो. हा वायू मोठा विचित्र. ऊर्जेचा हिशेब मांडला तर त्याने मोडून नायट्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला हवं. त्यात मोलमागे सुमारे ९० किलोज्यूल सुटतात. तरी तो आपणहून मोडत नाही. का, हे ज्याला विचारावंसं वाटतं त्याच्यासाठी हे पुस्तक आहे.

कारण ऑर्बिटलांत सापडतं. या वायूचे दोन रेणू समोरासमोर आले, तरी त्यांचे भरलेले ऑर्बिटल नायट्रोजन-ऑक्सिजनच्या भरलेल्या ऑर्बिटलांत सरळ उतरत नाहीत. सममिती आडवी येते. आता उत्प्रेरक म्हणून ऱ्होडियम धातूचा पृष्ठभाग घ्या. नायट्रिक ऑक्साइडचा शेवटचा एकच इलेक्ट्रॉन बंधविरोधी ऑर्बिटलात असतो. म्हणून बंधक्रमांक अडीच. ऱ्होडियमच्या डी-ऑर्बिटलांतून त्याच जागी आणखी इलेक्ट्रॉन येतात, बंध सैलावतो आणि दोन अणू वेगळे होतात. मग नायट्रोजनच्या अणूंची जोडी जमते. हे काम प्लॅटिनमला ऱ्होडियमइतकं साधत नाही, म्हणूनच मोटारीच्या उत्प्रेरकात महाग असूनही ऱ्होडियम घालतात. औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी जगभर वेगळी वाट वापरतात : टायटेनियम ऑक्साइडवर व्हॅनेडियम ऑक्साइड आणि सोबत अमोनिया, साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला.

ऑर्बिटलांवरून अभिक्रिया समजून घेण्याचा हा विचार केनिची फुकुई यांनी १९५२ मध्ये मांडला, तर वुडवर्ड आणि हॉफमन यांनी १९६५ मध्ये सममितीचे नियम दिले. फुकुई आणि हॉफमन यांना १९८१चं नोबेल मिळालं. वुडवर्ड तोवर हयात नव्हते. १९९५ मध्ये हॅमर आणि नॉरस्कॉव्ह यांनी धातूंच्या डी-ऑर्बिटलांतून बनणाऱ्या डी-पट्ट्याचा विचार पुढे आणला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सौरव पाल आणि सहकाऱ्यांनी फुकुई यांच्या नावाचं फलन घेऊन रेणूतली कोणती जागा अभिक्रियेला तयार आहे, याचा अभ्यास केला.

बारावीचं रसायनशास्त्र झालेल्या कोणालाही इथे प्रवेश आहे. दुसऱ्या प्रकरणाकडे वळण्याआधी एक करा : नायट्रिक ऑक्साइडची ऊर्जापातळ्यांची आकृती स्वतःच्या हाताने काढा, संयुजा कवचातले ११ इलेक्ट्रॉन खालून वर भरत जा आणि शेवटचा कुठे बसतो ते पाहा.