डोंगरपायथ्याचे औंढा व क्षेत्र शिरड शहापूर

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे गाव डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले असून तेथील यादवकालीन नागनाथ मंदिर सर्वदूर ख्यात आहे. याच तालुक्यातील शिरड शहापूर हे दिगंबर जैन समाजाचे अतिशय क्षेत्र होय. एकोणिसावे तीर्थंकर भगवान मल्लिनाथ यांची येथील मूर्ती पूर्वी नांदेडनजीकच्या अर्धापूर येथे होती. मूळ स्थान सुटले, आराधना सुटली नाही.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी या मुलुखातील निजामी राजवट संपली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. राजवटी व सीमा बदलल्या, क्षेत्राचे पावित्र्य टिकले. ते श्रावकांच्या नित्य येण्याजाण्यानेच टिकते. व्यवसायानिमित्त दूर गेलेल्या कुटुंबांनी मुलाबाळांसह वर्षातून एकदा तरी दर्शनास यावे.