जकात नाक्यानंतरची नगरपालिका

महाराष्ट्रातल्या लहान शहरांच्या कारभाराचा पाया 1850 च्या सव्विसाव्या कायद्याने घातला. रहिवाशांनी अर्ज करायचा, सरकारने मंजुरी द्यायची आणि मग मॅजिस्ट्रेट व नेमलेली काही प्रतिष्ठित माणसे यांनी मिळून रस्ते, गटारे, दिवाबत्ती पाहायची, अशी ती व्यवस्था होती. त्याआधी 1842 मध्ये बंगालसाठी झालेला कायदा फसला, कारण तो घरमालकांकडून थेट कर मागत होता. 1850 च्या कायद्याने कर कोणता घ्यायचा हे गावावर सोडले आणि मुंबई इलाख्यातल्या गावांनी प्रामुख्याने जकात पसंत केली. वेशीवर नाका बसवायचा, आत येणारे धान्य, तूप, सरपण, कापड यांवर ठरलेल्या दराने पैसे घ्यायचे. घरोघर वसुलीला जावे लागत नसल्याने विरोध कमी झाला. ही निवड तेव्हा सोयीची वाटली, पण पुढच्या दीडशे वर्षांच्या कारभाराला तिनेच वळण दिले. नगरपालिकेकडे कोणती कामे आहेत याची यादी कायद्यात सापडते. ती कामे करणारी यंत्रणा कोणाला जबाबदार आहे हे मात्र पैसा कोठून येतो त्यावर ठरते, आणि आपल्या लहान शहरांनी नेमका तोच धागा हातचा घालवला आहे.

व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा 18 मे 1882 चा ठराव स्थानिक स्वराज्याची सनद म्हणून ओळखला जातो. त्यात कार्यक्षमतेपेक्षा लोकांच्या राजकीय शिक्षणाला अधिक महत्त्व होते आणि बिनसरकारी सभासदांचे बहुमत असावे असा आग्रह होता. प्रत्यक्षात अधिकार सावकाश आणि हातचे राखून मिळाले. कलेक्टरची देखरेख टिकली आणि मत फक्त ठरावीक मालमत्ता असलेल्याला किंवा कर भरणाऱ्याला होते. तरीही त्या नगरपालिकेत एक गोष्ट खरी होती. जकातीचा दर वाढवायचा तर सभासदांना बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यासमोर उभे राहावे लागे आणि त्या पैशाचे काय झाले हे विचारणारा माणूस त्याच पेठेत राहत असे.

स्वातंत्र्यानंतर मताचा अधिकार सर्वांना मिळाला, ही फार मोठी गोष्ट झाली. 1965 च्या नगरपालिका अधिनियमाने पूर्वीचा मुंबई इलाखा, विदर्भ आणि मराठवाडा येथले वेगवेगळे कायदे एकत्र करून सगळ्या नगरपालिकांना एकच चौकट दिली. त्याच चौकटीत मुख्याधिकारी राज्य सरकारने नेमायचा ठरला आणि कलम 308 खाली नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे राहिला. 1 जून 1993 रोजी चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली. बाराव्या अनुसूचीत नगररचनेपासून स्मशानभूमीपर्यंत 18 विषय आले, पण पैसा आला नाही. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात रद्द झाली आणि तिच्या जागी सरकारचे सहायक अनुदान आले. तेव्हापासून सफाई कामगाराचा पगार वेळेवर होणे मुंबईहून येणाऱ्या हप्त्यावर अवलंबून राहिले. नगराध्यक्ष कसा निवडायचा हेही शहराच्या हातात नाही. 2016 मध्ये थेट जनतेतून, 2020 मध्ये नगरसेवकांतून आणि 2022 मध्ये पुन्हा थेट, असे तीन बदल सहा वर्षांत झाले आणि तिन्ही विधिमंडळाने केले. मग 2022 च्या सुमारास मुदती संपलेल्या कित्येक नगरपालिकांच्या निवडणुका 2025 च्या डिसेंबरपर्यंत झाल्याच नाहीत. तोवर प्रशासकाच्या सहीने कचरा उचलला गेला आणि पाणी सुटले. एकही नगरसेवक नसताना यंत्रणा इतका काळ चालू शकली, ती शहराला जबाबदार नसल्याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

जकात गेली हे वाईट झाले, असे मला म्हणायचे नाही. नाक्यावर ट्रक तासन्‌तास अडत, चिरीमिरी चाले, आणि धान्य-सरपणावरचा कर गरिबाच्या चुलीपर्यंत पोचत असे. ती जायलाच हवी होती. चूक तिच्या जागी जे आले त्यात आहे. शहराच्या हक्काचे उत्पन्न काढून घेतले आणि दुसऱ्याच्या मर्जीची मदत दिली.

याहून गंभीर आक्षेप महाडच्या इतिहासातून येतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला आणि महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी त्या तळ्याचे पाणी घेतल्यावर त्याच नगरपालिकेने 4 ऑगस्टला आपला ठराव मागे घेतला. हक्कावर शिक्कामोर्तब व्हायला मार्च 1937 मधला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. मग गावाच्या हाती सत्ता द्यावीच कशी? हा प्रश्न टाळता येत नाही. पण ज्यांना पाणी नाकारले त्यांच्यापैकी किती जणांना त्या नगरपालिकेसाठी मत होते, हेही विचारले पाहिजे. कर भरणाऱ्यांच्या मतांवर निवडलेली सभा कर भरणाऱ्यांचेच ऐकते. हा दोष अपुऱ्या मताधिकाराचा होता. आज मत सर्वांना आहे, प्रभागांत आरक्षण आहे, मूलभूत हक्कांसाठी न्यायालय आहे. नेमक्या याच काळात सभेचे अधिकार पोकळ झाले, ही खरी शोकांतिका आहे. ज्यांना पूर्वी सभागृहात पाऊल ठेवता येत नव्हते ते आत आले, तेव्हा तिजोरीची किल्ली तिथून हललेली होती.

लहान शहराला अभियंते परवडत नाहीत, पाणीयोजना त्याला झेपत नाही, हे म्हणणेही खरे आहे. ‘क’ वर्गातल्या, म्हणजे सर्वांत लहान, नगरपालिकेने धरणापासून जलवाहिनी स्वतः आखावी अशी अपेक्षा कोणी करू नये. ते राज्याच्या जीवन प्राधिकरणाने करावे. पण पाणी कोणत्या वस्तीला आधी द्यायचे, पाणीपट्टी किती ठेवायची आणि गळती थांबली नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे शहराने ठरवायला अभियंत्याची पदवी लागत नाही. त्यासाठी वस्तू व सेवा करातला ठरावीक वाटा नगरपालिकांना हक्काने मिळेल असा कायदा हवा आणि मुख्याधिकाऱ्याच्या कामाचे मूल्यमापन करण्यात सभागृहाला अधिकृत स्थान हवे. नवे नगरसेवक आता सभागृहात बसले आहेत. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाकडे यंदाचा अर्थसंकल्प मागा, त्यात शहराचे स्वतःचे उत्पन्न किती आणि अनुदान किती ते पाहा, आणि हे प्रमाण बदलण्यासाठी आमदाराकडे काय मागणी केली हे त्याला विचारा.