डोंगरतळ्यांतले पाहुणे

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात उन्हाळी सुटीत तंबू ठोकून, डोंगरवाटा तुडवून, गळाला पिसांची खोटी माशी लावून ट्राउट मासे पकडणारे हौशी आम्हांला निसर्गाचे भक्तच वाटतात. परंतु तेथील उंचावरच्या बहुतेक तळ्यांत मुळात मासेच नव्हते. एकोणिसाव्या शतकापासून माणसाने खेचरांच्या पाठीवरून, पुढे विमानांतूनही, ट्राउटची पिल्ले आणून सोडली. या पाहुण्यांनी तेथील पिवळ्या पायांच्या बेडकांची पिल्ले फस्त केली. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात १९९१ साली ही प्रथा थांबली. पुढे काही तळ्यांतून मासे काढल्यावर उरलेसुरले बेडूक पुन्हा वाढू लागले. सृष्टीचे राखणदार म्हणवणाऱ्या आम्हांला आपल्या विरंगुळ्याची किंमत दुसरे कोण मोजते, याचा विसर पडू नये.