भाकर कोणाच्या हातची, माप कोणाचे?

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास हॉटेलांच्या पाट्यांवर आज 'गावरान' भाकर-ठेचा मिरवतो. पण येसकराची भाकर त्या पाटीवर आम्हाला दिसत नाही. गावकी राबून महाराने दारोदार मागून आणलेली, वरून टाकलेली, बहुधा शिळी.

अमेरिकेतही हेच झाले. मक्याचे पीठ मळून चुलीच्या राखेत भाजलेली भाकर आज 'दक्षिणेची परंपरा' म्हणून गौरवली जाते. पण फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मकथनात गुलामांचे माप नोंदवले आहे: महिन्याला ८ पौंड डुकराचे मांस आणि १ बुशेल मक्याचे पीठ.

माप ठरवणारा मालक आणि त्याच मापातून चव काढणारी बाई, या दोघांना 'परंपरा' हा एकच शब्द लावला की जुलूम झाकला जातो.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मागून आणलेल्या तुकड्यांचा मोह सोडायला सांगितले. तो नकार भाकरीला नव्हता, लाचारीला होता.

म्हणून तरुणांनो, आजीच्या हातची चव अभिमानाने सांगा. पण ते पीठ कोणी, कोणत्या अटीवर दिले, हेही लिहा. नाहीतर आपला इतिहास हॉटेलाची पाटी लिहील.

जयभीम!