महाराष्ट्रातील बौद्ध परंपरा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे मूळ ब्रह्मदेशातील महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले. चंद्रमणी थेरवादी परंपरेचे होते. तथापि हीनयान-महायान या भेदांत न पडता बुद्धाच्या शिकवणीशी निष्ठा राखण्याची भूमिका बाबासाहेबांनी आदल्याच दिवशी पत्रकारांपुढे मांडली होती. हेच नवयान. अनुयायांना त्यांनी स्वतः दिलेल्या २२ प्रतिज्ञा हे त्याचे वेगळेपण होय.

अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा धम्मविषयक ग्रंथ तेव्हा प्रकाशितही झाला नव्हता. तो १९५७ मध्ये आला. लाखो नवदीक्षितांना धम्म शिकविणार कोण, हा प्रश्न उभा राहिला. त्या दिवशी नागपुरात असलेले इंग्रज भिक्खू संघरक्षित यांनी शोकसभांतून लोकांना धीर दिला. त्यांची दीक्षा थेरवादी असली तरी पुढे त्यांनी तिबेटी गुरूंकडूनही शिक्षण घेतले. पुण्यातून वाढलेला त्रैलोक्य बौद्ध महासंघ (२०१० पासून त्रिरत्न) त्यांच्याच प्रेरणेचा.

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून विपश्यना शिबिरे होतात. ही साधनाही ब्रह्मदेशातूनच आली. मात्र तेथे धर्मांतराची अट नाही. प्रतिज्ञांना प्रमाण मानणाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नव्हे.