यंत्राची चिकित्सक आवृत्ती

महाविद्यालयांत जुन्या वस्तूंचा शेवट ठरलेला असतो. डेडस्टॉक रजिस्टरात वस्तूची नोंद असते, समिती येते, 'निर्लेखित' असा शेरा पडतो आणि वस्तू वजनावर भंगारात जाते. सांगलीतील एका महाविद्यालयात मी मराठी शिकवीत असताना अशाच एका समितीवर माझी नेमणूक झाली होती. मोडकी बाके आणि गंजलेली कपाटे यांच्या यादीत 'संगणक, जुना, टेपरेकॉर्डरसह' अशी एक नोंद होती. मी सही केली. त्या खोलीत एखाद्या पोथीचे बाड सापडले असते तर माझी सही इतक्या सहज झाली नसती. यंत्रापाशी मात्र हात अडखळला नाही. का अडखळला नाही, या प्रश्नाने पुढे माझी पाठ सोडली नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचाच आहे.

ऐंशीच्या दशकातील घरगुती संगणक म्हणजे आजच्या दृष्टीने एक कळफलक आणि त्याच्या पोटात दडलेली पाटी. पडदा घरच्या दूरचित्रवाणी संचाचा, आज्ञावली साठवायला कॅसेट. 23 एप्रिल 1982 रोजी इंग्लंडमध्ये जाहीर झालेल्या सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड-80 प्रक्रियक होता आणि स्मृती 16 किंवा 48 किलोबाइट. त्याच्या आदल्या वर्षी, 1981 साली, बीबीसी मायक्रो आला होता. दोन्ही यंत्रे आपल्याकडेही पोहोचली. 1984 साली केंद्र शासनाने निवडक शाळांसाठी 'क्लास' हा संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला तो बीबीसी मायक्रोवर. स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती डेसिबेल्स या कंपनीने बाजारात आणली. अभियांत्रिकी महाविद्यालयांत तर इंटेल 8085 चे 'किट' घेऊन कित्येक पिढ्यांनी सोळा-आधारी अंक टंकले. हा 8085 आणि स्पेक्ट्रममधील झेड-80 हे चुलतभाऊच म्हणायचे. दोघांचा पूर्वज इंटेल 8080 आणि त्या पूर्वजामागील एक प्रमुख अभियंता फेडेरिको फॅजिन हाच पुढे झेड-80 चाही कर्ता.

ही यंत्रे आज पुन्हा घडवली जातात. कशी, हे समजण्यासाठी एका चिपची ओळख करून घ्यावी लागेल. सामान्य चिप ही शिलालेखासारखी असते. कारखान्यात एकदा कोरली की तिचा मजकूर बदलत नाही. 1985 साली झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने एक्ससी 2064 ही चिप आणली, ती धूळपाटीसारखी होती. तिच्यात तर्काचे चौसष्ट कोरे कप्पे होते. त्या कप्प्यांनी काय करायचे आणि कोणी कोणाशी जोडले जायचे, हे ती विकत घेणाऱ्याने लिहून ठरवायचे. पुसून पुन्हा दुसरे लिहायचे. या जातीला 'फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अ‍ॅरे', म्हणजेच एफपीजीए म्हणतात. लिहिण्याच्या भाषा दोन, व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल. या भाषांत आज्ञांचा क्रम लिहिण्यापेक्षा मंडलाचे वर्णन लिहायचे असते आणि वर्णन पूर्ण झाले की चिप स्वतःच ते मंडल बनते.

जुने यंत्र नव्या संगणकावर चालवण्याचा दुसरा मार्ग एम्युलेटरचा. तो एक कार्यक्रम असतो आणि जुन्या यंत्राचे काम तो सहसा एकामागून एक पायरी करून दाखवतो. एफपीजीएमध्ये जुन्या यंत्राचे सारे अवयव मूळ यंत्रासारखे एकाच वेळी हलतात. डेनिस व्हॅन वीरेन या डच अभियंत्याने 2005 साली घरी बसून अमिगा संगणकाच्या खास चिपांचे असे वर्णन लिहायला घेतले आणि 2007 साली 'मिनिमिग' या नावाने ते सर्वांसाठी खुले केले. 2011 साली माइक स्टर्लिंग यांनी बीबीसी मायक्रो एफपीजीएवर उभा केला. 2017 पासून अलेक्सी मेल्निकोव्ह यांच्या 'मिस्टर' प्रकल्पात एकाच छोट्या पाटीवर अशी अनेक यंत्रे आळीपाळीने अवतरू लागली. त्याच वर्षी लोकवर्गणीतून सुरू झालेला 'स्पेक्ट्रम नेक्स्ट' 2020 साली ग्राहकांच्या हाती पोहोचू लागला. मूळ स्पेक्ट्रमचे बाह्यरूप रेखाटणाऱ्या रिक डिकिन्सन यांनीच या नव्या यंत्राचे रूपही रेखाटले. ते पाहायला मात्र ते उरले नाहीत, 2018 सालीच त्यांचे निधन झाले.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबून पाहावे असे काही आहे. या कारागिरांपुढील अडचण पाठचिकित्सकाचीच आहे. मूळ संहिता हाती नाही, हाती आहेत ते तिचे साक्षीदार. स्पेक्ट्रममधील 'युएलए' या चिपचे अंतरंग ख्रिस स्मिथ यांनी उलगडले आणि 2010 साली त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. बीबीसी मायक्रोतील 6502 प्रक्रियकाचे कवच उतरवून, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेऊन त्याचा ट्रान्झिस्टर न् ट्रान्झिस्टर वाचण्याचे काम त्याच सुमारास 'व्हिज्युअल 6502' या प्रकल्पात झाले. पुस्तिका एक सांगते, चिप दुसरेच करते आणि त्या यंत्रावर लिहिलेले जुने खेळ तिसरीच साक्ष देतात. यांतून पाठ ठरवायचा असतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे चुकांचे काय करायचे? स्पेक्ट्रममध्ये पडदा रंगवणारी युएलए आणि प्रक्रियक या दोघांनाही स्मृतीचा एकच भाग हवा असतो, म्हणून युएलए प्रक्रियकाला क्षणभर थोपवून धरते. प्रक्रियकाच्या एका विशिष्ट स्थितीत ही व्यवस्था कोलमडते आणि पडद्यावर बर्फासारखे ठिपके भुरभुरतात. 6502 ला पुस्तिकेत नसलेल्या आज्ञाही कळतात. हे दोष आहेत. परंतु त्या काळच्या आज्ञावलीकारांनी अशा दोषांचा उपयोग करून घेतला. दोष दुरुस्त केले की त्यांच्या रचना मोडतात. म्हणून चांगला पुनर्रचनाकार बर्फही जसाच्या तसा पाडतो.

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांची भूमिका यापेक्षा वेगळी नव्हती. हस्तलिखितांच्या साक्षीने जितके मागे जाता येईल तितके जावे, जो पाठ मिळेल तो त्याच्या खडबडीतपणासह स्वीकारावा आणि स्वतःच्या बुद्धीने सुधारणा करण्याचा मोह शक्यतो टाळावा. एम्युलेटर आणि एफपीजीए यांतील वाद ज्या अभिमानाने घातला जातो, त्यावरही येथे उतारा मिळतो. मंडलात उतरले म्हणून काही ते आपोआप अस्सल होत नाही. वर्णन लिहिणाऱ्याचा तर्क चुकला तर मंडलही चुकीचेच बनते. अशी आवृत्ती म्हणजे शेवटी संपादकाचा निर्णय असतो, फक्त तो तपासता येईल असा उघड मांडलेला असतो.

हा दुवा मी ओढूनताणून जोडतो आहे, असे कोणी म्हणेल. पण आमच्या भागात तो दुवा एका माणसाच्या रूपाने अस्तित्वात होता. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि त्या संस्थानाचा कुंडल हा भाग आज सांगली जिल्ह्यात. 1909 साली गादीवर आलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला आणि 1910 साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. परदेशी नांगर समोर ठेवून, समजून घेऊन, इथल्या मातीसाठी तो पुन्हा घडवण्याचे काम त्या माळावर झाले. याच पंतप्रतिनिधींनी 1918 साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या आवृत्तीसाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. 1919 साली ते काम सुरू झाले आणि 1966 साली पुरे झाले. नांगर आणि महाभारत, ओतीव लोखंड आणि पाठभेद, हे एकाच माणसाला एकाच दशकात आपले वाटले. आम्ही मात्र नंतर त्यांच्या दोन वेगळ्या इमारती केल्या आणि मधे भिंत घातली.

त्या भिंतीची किंमत आता मोजावी लागते आहे. स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रो वाचले, कारण त्यांना संपादक मिळाले. पण ती यंत्रे देवनागरी घेऊन आली नव्हती. स्पेक्ट्रमवर स्वतःची एकवीस अक्षरे बनवता येत, प्रत्येक अक्षर आठ गुणिले आठ ठिपक्यांचे. एवढ्याशा चौकटीत वेलांटी, रफार आणि जोडाक्षर यांनी बसायचे कोठे? मराठी पडद्यावर खऱ्या अर्थाने आली ती 'जिस्ट' तंत्राने. कानपूरच्या आयआयटीत त्याचा उगम झाला आणि 1988 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वाढवले. जिस्ट कार्ड वैयक्तिक संगणकाच्या खाचेत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या कार्यक्रमांतही देवनागरी उमटे. 'इस्की' ही सांकेतिक लिपी 1991 साली भारतीय मानक ठरली. आज आपण वापरतो त्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या 1988 सालच्या रूपावर आधारलेली आहे. म्हणजे हा लेख ज्या अक्षरांत आपण वाचत आहात, त्यांच्या वंशावळीत ते कार्ड आहे.

त्यानंतर फॉन्टांचे युग आले. प्रत्येक फॉन्टची संकेतव्यवस्था निराळी. तो फॉन्ट नसेल तर मराठी कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा. नव्वदच्या दशकातील कित्येक दिवाळी अंकांचे, प्रबंधांचे, तालुक्याच्या साप्ताहिकांचे मजकूर अशाच फ्लॉपींत अडकून राहिले. त्यांतील काहींचे छापील रूप उरले, काहींचे तेही नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीतील ग्रंथालयांत शिरले, तेव्हा कागद किती लवकर जातो हे आम्ही पाहिलेच आहे.

एफपीजीएवर 486 जातीचा वैयक्तिक संगणकही आज उभा करता येतो. त्याच्या खाचेत जिस्ट कार्डाचे वर्णन लिहून बसवणे तत्त्वतः अशक्य नाही. पण त्यासाठी साक्षीदार हवेत. एखादे शाबूत कार्ड, त्यातील रॉमची नक्कल, पुस्तिका, फ्लॉपी आणि ते चालवणाऱ्या टंकलेखकाची आठवणसुद्धा. एकट्या पोथीवरून चिकित्सक आवृत्ती होत नाही, पण एकही पोथी उरली नाही तर प्रश्नच मिटतो.

सांगली, कराड, इस्लामपूर येथील अभियांत्रिकीच्या वर्गांत व्हीएचडीएल शिकवली जाते. शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागांत पाठचिकित्सा शिकवली जाते. या दोन वर्गांतील अंतर काही मिनिटांचे आहे. पुढच्या निर्लेखन समितीवर एखाद्या साहित्याच्या शिक्षकाची नेमणूक होईल, तेव्हा त्याने एवढेच करावे: सही करण्यापूर्वी खोके उघडावे, आतल्या पाटीचे छायाचित्र घ्यावे, फ्लॉपींची नक्कल करून घेण्यासाठी शेजारच्या विभागातील कोणाला तरी बोलवावे. मग सही करावी.

मी ते केले नाही. टेपरेकॉर्डरसह नोंदलेल्या त्या संगणकाचे नावही मला आज सांगता येत नाही. रजिस्टरात त्याचे वजन मात्र लिहिलेले आहे.