अग्नीचे शस्त्र आणि मज्जातंतू

पनवेल हे गाव औषधांसाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली तेथे धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना स्थापिला, आणि त्याची आसवे व भस्मे महाराष्ट्रातील अनेक घरांत गेली. त्यामुळे आयुर्वेद म्हणजे केवळ औषधे, असा समज सुशिक्षित कुटुंबांतही रूढ झाला. परंतु त्याच शास्त्राचा आधारग्रंथ जी सुश्रुतसंहिता, तिच्यात शस्त्र आणि क्षार यांच्या जोडीला अग्नीने करावयाच्या कर्माचेही सविस्तर विवेचन आहे.

वाहते रक्त थांबविण्याचे चार उपाय सुश्रुताने सांगितले असून, डाग देणे हा त्यांतील अखेरचा गणला आहे. इतर उपाय फसले म्हणजेच अग्नीकडे वळावयाचे. शरीरातील १०७ मर्मांची गणना करताना त्याने प्रत्येकाचे माप अंगुळांत दिले, आणि तेवढी जागा सोडूनच शस्त्र चालवावे असे बजावले. मर्माच्या नुसत्या बाजूस झालेला आघातही घातक ठरतो, हे त्याचे कारण. कंठनाडीच्या दोहो बाजूंच्या मर्मांना इजा झाल्यास मनुष्य मुका होतो किंवा त्याचा आवाज बिघडतो, हेही त्याने नोंदविले आहे. मज्जातंतूंची आजची कल्पना त्यास नव्हती. निरीक्षण मात्र अचूक होते.

युरोपातही तापलेले लोखंड शतकानुशतके वापरात होते. आंब्रवाझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने १५५२ साली अवयव कापताना डाग देण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. पुढे स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर याने गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत असेच शांतपणे बांधकाम करून मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणिले. १९०९ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले.

अग्नी पुन्हा आला तो विजेच्या रूपाने. अतिशय वेगाने दिशा बदलणारा प्रवाह शरीरातून गेला तरी स्नायू आकसत नाहीत, हे दार्सोंव्हाल याने १८९१ च्या सुमारास दाखविले होते. १ ऑक्टोबर १९२६ रोजी बोस्टन येथे हार्वे कुशिंग याने विल्यम बोव्ही याच्या यंत्राने एक अर्बुद काढले. रक्तस्रावामुळे ती शस्त्रक्रिया पूर्वी अर्धवट सोडावी लागली होती. कापणे आणि रक्त गोठविणे ही दोन्ही कामे आता एकाच टोकाने साधू लागली.

परंतु मज्जातंतूस धक्का न देणारी वीज त्यास भाजत नाही असे नव्हे. उष्णता टोकापाशी थांबत नाही; ती आजूबाजूच्या पेशींत पसरते. एकेरी टोकाच्या यंत्रात तर प्रवाह रुग्णाच्या शरीरातून दूर लावलेल्या पट्टीपर्यंत जातो. यास्तव जेम्स ग्रीनवुड याने १९४० साली दुटोकी चिमटा वर्णिला. त्यात प्रवाह दोन टोकांच्या मधल्या अंतरातच राहतो. अलीकडच्या, सेकंदाला ५५ हजारांहून अधिक वेळा कंप पावणाऱ्या कात्रीतून रुग्णाच्या अंगात वीज जात नाही; तिचे पाते मात्र थांबल्यावरही काही काळ तप्त असते.

स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू थायरॉइडच्या अगदी मागून जातो. तो न कापताही नुसत्या आचेने निकामी होऊ शकतो, आणि शिक्षकाचा, कीर्तनकाराचा वा अंगाई गाणाऱ्या मातेचा आवाज घोगरा होतो. बाहेरून जखम स्वच्छ दिसते. म्हणूनच ही इजा फसवी. यासाठी आजचा सावध शस्त्रवैद्य आधी मज्जातंतू डोळ्यांनी पाहून घेतो, त्यापासून काही मिलिमीटर अंतर राखतो, प्रवाह क्षणभरच सोडतो, पाते निवू देतो, आणि अगदी जवळ आल्यास विजेचे शस्त्र खाली ठेवून दोरा हाती घेतो. श्वासनलिकेत घातलेल्या नळीवरील विद्युद्ग्रांनी मज्जातंतूचे कार्यही तपासता येते.

पनवेलसारख्या गावातही आता रुग्णालये आहेत, आणि शस्त्रक्रियेस निघालेल्या आप्ताची चिंता घरोघर सारखीच असते. अंगुळांची जागा मिलिमीटरने घेतली. परंतु मर्माच्या बाजूलाही जपावे, हा नियम अद्याप पालटलेला नाही.